बारावीचे पेपर सुरू असताना वडील गेले: पुढचे पेपर द्यावेत की सोडावेत?

वर्गशिक्षक_कराड:
बारावी विज्ञानाच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील काल हार्ट अटॅकने गेले. इंग्रजी आणि मराठीचे पेपर झालेत, परवा भौतिकशास्त्र आहे. मुलगा थोरला, अग्नी त्यानेच दिला. गाव पाटणच्या बाजूला, केंद्र कराडला. परवा सकाळीच सावडणं आहे. चुलते म्हणतात, सुतकात कुठे पेपर देतोस, जुलैला दे. आईला काही सुचत नाही. मुलगा अभ्यासात चांगला, ७५ ते ८० टक्क्यांचा. पुढे सीईटीतून इंजिनिअरिंग असा बेत आहे.
मंडळाकडून अशा मुलांना काही सवलत मिळते का? पेपर दिला आणि मार्क पडले तर नंतर काय करता येतं? आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार आहे. नक्की काय सांगू?

खडू_डस्टर:
सर, सवलतीचं आधी सांगतो. घरातल्या मृत्यूसाठी राज्य मंडळ लेखी पेपरला वाढीव गुण देत नाही, सरासरीने गुण लावत नाही आणि एकट्यासाठी वेगळ्या दिवशी पेपरही घेत नाही. आजारपणाने किंवा अशा कारणाने प्रात्यक्षिक वा तोंडी परीक्षा बुडाली तर ती 'आउट ऑफ टर्न', म्हणजे नंतर वेगळी, होते, पण ती सोय लेखीला नाही. निकालानंतर पुनर्मूल्यांकनातही उत्तरपत्रिकेत जे लिहिलंय तेवढंच बघतात.

आता द्यायचा की सोडायचा. गैरहजर राहिला काय आणि नापास झाला काय, जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत वाट एकच: तेवढा विषय पुन्हा द्यायचा. म्हणजे बसून बघण्यात तोटा नाही. तोटा होतो तो एकाच परिस्थितीत. पेपर दिला, ३८-४० मार्कांनी पास झाला आणि पुढच्या प्रवेशाला त्याच मार्कांची गरज असली, तर तो एकच विषय सुधारता येत नाही. श्रेणीसुधार योजनेत सगळे विषय घेऊनच बसावं लागतं.

म्हणून आधी मुलाला बारावीचे किती मार्क खरंच लागणार आहेत ते काढा. सीईटीतून इंजिनिअरिंग असेल तर पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के पुरतात. मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतं, बारावी ८० ऐवजी ६० झाली तरी प्रवेशाचं काही अडत नाही. मेडिकलच्या नीटला पीसीबीत (गणिताऐवजी जीवशास्त्र) ५०, राखीव वर्गाला ४०. अडचण एनआयटीवाल्यांची: जेईईच्या मेरिटबरोबर बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. आणि जिथे बारावीच्याच मार्कांवर यादी लागते तिथे, म्हणजे बीएस्सी-बीकॉमला, प्रत्येक टक्का मोजला जातो. तुमच्या मुलाच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: पेपर द्यावा.

सह्याद्रीकाठ:
चुलत्यांशी वाद घालू नका, वेळापत्रक घेऊन बसा. सावडायला साडेसहाला जायचं म्हणून आजच गुरुजींना आणि भावकीला सांगून ठेवायचं. आठपर्यंत आटोपतं. पाटणहून कराड तासाभराचं, केंद्रावर साडेदहाला पोचायचं, पेपर अकराला. चुलत्यांनीच मोटरसायकलवरून सोडावं, म्हणजे 'पाठवलं कुणी' हा प्रश्नच उरत नाही. रोजचं पाणी-पिंड धाकटा भाऊ किंवा चुलता करू शकतो. दहाव्याला पेपर आला तर तेही असंच पहाटे उरकतात, गुरुजी सहसा नाही म्हणत नाहीत.
रात्रीची झोप हा खरा प्रश्न आहे. घर पाहुण्यांनी भरलेलं, नवीन माणूस आलं की पुन्हा रडारड, आणि दर वेळी पोराला समोर बसवतात. मुलाला दोन रात्री शेजारी किंवा मास्तरांच्या घरी झोपायला न्या. केंद्र ऐनवेळी बदलून मिळेल या आशेवर मात्र राहू नका.

वर्गशिक्षक_कराड:
सावडण्याची वेळ पुढे ओढायचं सुचलंच नव्हतं. एक भीती आहे. तो कालपासून पुस्तक उघडून बसतो आणि तेच पान समोर असतं. म्हणतो, सर, सगळं विसरलो.

लॉगटेबल:
विसरलेला नसतो. पाठ केलेलं शाबूत असतं. दुःखात आणि जागरणात जातं ते एका वेळी तीन-चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं. म्हणून अशा मुलांचे मार्क सगळीकडे सारखे पडत नाहीत. उत्तरपत्रिकेत ते दिसतं: डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) ओळीने बरोबर, आकृतीला नावं दिलेली, आणि खालच्या गणितात सूत्र बरोबर, किमती बरोबर घातलेल्या, लॉग बघताना टेबलची वरची ओळ धरलेली. किंवा अँटीलॉग काढायचाच राहिलेला आणि लॉगचीच किंमत उत्तर म्हणून चौकटीत. शिवाय उत्तराला एकक नाही.

म्हणून भौतिकशास्त्राचा ७० गुणांचा पेपर त्याने असा सोडवावा. विभाग 'अ' आधी: बहुपर्यायी १० आणि एका वाक्याचे ८. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, आणि पहिल्यांदा लिहिलेलंच धरतात, तेव्हा खाडाखोड नको. मग थेट विभाग 'ड': पाचातले तीन, प्रत्येकी ४ गुण. त्यातली डेरिव्हेशन हात आपोआप लिहितो, आणि एक प्रश्न पूर्ण झाला की पोरगं जरा सावरतं. त्यानंतर 'ब' मध्ये बारातले आठ २ गुणांचे, 'क' मध्ये बारातले आठ ३ गुणांचे. दोन्हीकडे थिअरीचे प्रश्न आधी निवडायचे, आठ भरत नसतील तेवढीच गणितं घ्यायची. शेवटी जी १० मिनिटं जादा मिळतात त्यात फक्त लॉग आणि एककं तपासायची, नवीन काही सुरू करायचं नाही.

प्रात्यक्षिकाचे ३० पैकी गुण आधीच पदरात आहेत हे त्याला कागदावर मांडून दाखवा. २६ असतील तर शंभरात ४५ व्हायला लेखीत १९ लागतात. नुसतं 'अ' आणि 'ड' मिळून ३० गुणांचं आहे. हे गणित बघितलं की पुस्तकाचं पान उलटतं.

आणि आज-उद्या नवीन धडा अजिबात नको. स्वतःच्या वहीतली डेरिव्हेशन बघून एकदा, न बघता एकदा. अर्धा तास, मग उठायचं.

टेम्सकाठचा:
इथे ब्रिटनमध्ये जीसीएसई आणि ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या दहावी-बारावीसारख्या परीक्षांना, यासाठी लेखी नियम आहे. परीक्षेच्या दोन महिन्यांच्या आत जवळच्या कुटुंबातलं कुणी गेलं तर त्या पेपरच्या कमाल गुणांच्या ५ टक्क्यांपर्यंत भर घालतात. म्हणजे १०० च्या पेपरला ५ गुण. त्याहून जास्त कुणालाच नाही. पेपर बुडाला तर बाकीच्या पेपरांवरून ग्रेड काढतात, पण एकूण मूल्यमापनाचा किमान २५ टक्के भाग दिलेला असावा लागतो. अर्ज शाळा करते, पालकांना परस्पर करता येत नाही. मुलं इथे शिकत असतील तर शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरला लगेच कळवा. शाळेला सांगितलंच नाही तर अर्जही होत नाही.

खडू_डस्टर:
पाच मार्क का होईना, आपल्याकडे ते तरी हवे होते. असो.
सर, हॉलतिकीट कुठे आहे ते आजच विचारा. अशा गडबडीत दप्तर कुणीतरी माळ्यावर टाकतं. सापडलं नाही तर कॉलेजातून पुन्हा प्रिंट काढून, लाल शाईने 'द्वितीय प्रत' लिहून, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह द्या. केंद्र संचालकांना फोन करून कल्पना द्या, म्हणजे मुंडन केलेला चेहरा आणि फोटो जुळत नाही म्हणून दारातच चौकशी व्हायची नाही.

ताई_समुपदेशन:
मंडळ दरवर्षी परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, पण ती मुख्यतः परीक्षेच्या ताणासाठीची सोय. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलगा खात नाही, झोपत नाही हे या दिवसांत धरून चालायचं. 'मला जगायचंच नाही' असं काही बोलला तर मात्र परीक्षा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर.
भेटायला गेलात की 'आता तूच घरचा कर्ता' हे वाक्य तुम्ही तरी बोलू नका. दिवसभर तेच ऐकतोय तो.

आणि सर, मुलगा अठराच्या आत असेल तर बालसंगोपन योजनेतून महिना २२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे. धाकट्या भावासाठीही वेगळा अर्ज करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करून घ्यावी, दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढाव्यात. प्रवेशाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला आईच्या नावाने काढावा लागेल, तेव्हा तलाठ्याकडे हाच मृत्यूचा दाखला पहिला मागतात.

वर्गशिक्षक_कराड:
हॉलतिकीट खरंच सापडत नव्हतं. प्रिंट काढली, सही झाली. चुलते सोडायला येतो म्हणालेत. रसायनशास्त्राच्या आधी दोन दिवस मोकळे आहेत, त्याचंही असंच कुणी विभागवार लिहून देईल का?