उपासकाचे काम दानापाशी संपत नाही

उपासकाने, म्हणजे गृहस्थ बौद्धाने, भोजनदान, चीवरदान (भिक्खूंना वस्त्रांचे दान) करावे आणि धम्म सांगणे भिक्खूंवर सोपवावे, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि लगोलग, स्वतः गृहस्थ असूनही, लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. आजही वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे (पावसाळ्यातील तीन महिन्यांच्या धम्मसाधनेचे) ग्रंथवाचन बहुधा पांढरी साडी नेसलेल्या उपासिकाच चालवतात (तेही घरचा स्वयंपाक आटोपून), आणि मंगल परिणय (बौद्ध पद्धतीचे लग्न) लावणारे बौद्धाचार्यही गृहस्थच असतात. विनय (भिक्खूंचे आचारनियम) जपणारा भिक्खूसंघ हवाच, त्याबद्दल वाद नाही. मला खटकते ते वेगळेच: वाचन उपासिकांनी करायचे आणि विहार समितीची हिशेबवही मात्र पुरुषांच्या हाती राहायची, ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते.