कन्याकुमारीच्या खडकामागची जुनी कथा कुणाला माहीत आहे का?

भटकी मनू:
फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन कन्याकुमारीला जातेय. विवेकानंद स्मारकाची माहिती ढिगाने मिळाली, पण आईला हवी आहे ती खडकाची कथा. विवेकानंदांच्या आधीपासून तो पवित्र मानतात म्हणे. आणि किनाऱ्यावर पुड्यांतून विकतात ते वाळूचे ‘तांदूळ’ काय प्रकार आहे? कुणी नीट सांगेल का?

नागरकोविलची सून:
मनू, आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं विचारलंय. माझं सासर कन्याकुमारीजवळच्या नागरकोविलचं. आमच्या सासूबाई त्या खडकाला अजूनही श्रीपादपारै, म्हणजे पवित्र पावलाचा खडक, असंच म्हणतात.

बाणासुराला वर होता, मरण येईल तर फक्त कुमारिकेच्या हातून. म्हणून देवी कुमारी होऊन जन्मली आणि या टोकाला तप करू लागली. जवळच्याच शुचींद्रमच्या शिवाचं मन तिच्यावर जडलं, लग्न ठरलं. मुहूर्त पहाटेच्या आतला. पण लग्न लागलं असतं तर बाणासुराला मारणार कोण? तेव्हा नारदाने भर रात्री कोंबड्यासारखी बांग दिली. उजाडलं, मुहूर्त टळला असं समजून शिव अर्ध्या वाटेवरून परतला. इकडे मांडवात तांदूळ, डाळी न शिजवता तशाच पडून राहिल्या आणि त्यांची वाळू झाली. तेच तुमचे पुडीतले तांदूळ. पुढे बाणासुर स्वतःच देवीला मागणी घालायला आला, जबरदस्ती करू लागला आणि तिच्या हातून मेला.

सासूबाई वधाचा भाग दोन वाक्यांत उरकतात. तांदळापाशी मात्र थांबतात. “एवढं सगळं रांधायचं राहून गेलं,” असं दरवेळी म्हणतात. मला ही कथा त्यांच्यामुळे एका नवरीची वाटते, राक्षसाची नाही.

देवीने तप केलं ते याच खडकावर, एका पायावर उभं राहून. खडकावर पावलाच्या आकाराचा, जरासा तपकिरी उंचवटा आहे. तो देवीचा पाय, त्यावरच श्रीपाद मंडप बांधलाय. विवेकानंद डिसेंबर 1892 मध्ये इथे आले ते मुळात देवीच्या ठिकाणी आले. आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांनी जिवाचं रान करून स्मारक उभं केलं, 1970 साली ते खुलं झालं, त्याचा मला फार अभिमान आहे. पण बहुतेक लोक ध्यानमंदिर बघतात, फोटो काढतात आणि परततात. कळकळीने सांगते, आधी श्रीपाद मंडपात जा. आईंना तिथे निवांत बसू द्या.

साठच्या दशकात स्मारकाचं ठरत होतं तेव्हा इथल्या ख्रिस्ती मच्छीमारांनी खडकावर क्रूस उभारला होता. त्यांच्या लेखी तो संत झेवियरचा खडक. तेही या जागेचेच लोक, म्हणून हेही माहीत असू द्या.

दगडधोंडे:
वाळूचं मी सांगतो. हे सगळे खनिजांचे कण. लाल कण गार्नेटचे, काळे इल्मेनाइटचे, पिवळसर मोनाझाइटचे, पांढरट बहुतेक क्वार्ट्झ. या भागातल्या ‘नाइस’ (gneiss) नावाच्या खडकात गार्नेट भरपूर असतं. खडक झिजतो, कण किनाऱ्यावर येतात, लाटा हलके कण ओढून नेतात आणि जड कण मागे राहतात. म्हणून रंगांचे पट्टे वेगवेगळे दिसतात. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं. शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1909 मध्ये इथलं मोनाझाइट ओळखलं, तेही इथून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत! पूर्वी गॅसबत्तीच्या मँटलसाठी ते लागायचं. जवळच्या मणवालकुरिचीला आजही या वाळूतून खनिजं काढतात.

भटकी मनू:
दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, नारदावर चिडलीये. किनाऱ्यावरच्या देवीच्या देवळाचा पूर्वेचा दरवाजा बंद असतो, तोही याच कथेतला का?

नागरकोविलची सून:
नाही, ती नथीची कथा. देवीच्या नथीतला हिरा इतका तेजस्वी की खलाशांना तो दीपस्तंभ वाटायचा आणि जहाजं खडकांवर आदळायची. म्हणून तो दरवाजा बंद, वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतात. दर्शन उत्तरेच्या दाराने. आणि खडकावर जाणाऱ्या बोटीसाठी सकाळी लवकर रांगेत उभ्या राहा. समुद्र खवळला की फेऱ्या थांबवतात.