ऐतिहासिक कादंबरी वाचावी तर लांबच्या गाडीतच?

खिडकीबहाद्दर

घरात यावरून वाद झाला आणि कोणीच माघार घेईना, म्हणून विषय इथे आणतोय. माझं म्हणणं असं की मोहिमा, वेढे, घोडदौडी, पलायनं असलेली ऐतिहासिक कादंबरी घरी पंख्याखाली वाचू नये. लांब पल्ल्याच्या गाडीत वाचावी. आणि जमलं तर कादंबरीतलं लष्कर ज्या दिशेने जातं त्याच दिशेच्या गाडीत.

पानिपतच घ्या. विश्वास पाटलांची कादंबरी 1988 साली आली, बहुतेकांच्या घरात एक प्रत असतेच. ती पिशवीत टाका आणि पुण्याहून संध्याकाळी सुटणारी झेलम पकडा. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब, म्हणजे सदाशिवरावभाऊ, 1760 च्या मार्चमध्ये पडदूरहून, म्हणजे आजच्या परतूरहून निघाले. बुऱ्हाणपूर, मग हंडियाला नर्मदा उतरून सिरोंज, ग्वाल्हेर, धोलपूरजवळ चंबळ, पुढे मथुरा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली. झेलमचा रस्ता बघा आता: मनमाड, भुसावळ, बुऱ्हाणपूर, खांडवा, हरदा (हंडिया इथून वीसेक किलोमीटर), भोपाळ, विदिशा, झाशी, ग्वाल्हेर, धोलपूर, आग्रा, मथुरा, दिल्ली आणि तिथून सरळ पानिपत. रेल्वे टाकणाऱ्यांच्या डोक्यात भाऊसाहेब नव्हते हे मलाही कळतं. पण दख्खनेतून हिंदुस्थानात जायच्या वाटा डोंगर आणि नद्या ठरवतात, त्या लष्करालाही तशाच आणि रुळांनाही तशाच.

मुरैना सुटलं की दोन्ही बाजूंनी मातीच्या घळी सुरू होतात, एकीतून दुसरी फुटलेली, कुठे शिरलो आणि कुठे बाहेर पडू याचा पत्ता लागू नये अशा. मग एकदम पूल, आणि खूप खाली चंबळ. तोफांचे गाडे, बैल, बुणगे, पालख्या, यात्रेकरू हे सगळं लटांबर इथून पलीकडे नेलं म्हणजे काय केलं, ते मला पुस्तकातल्या चार वर्णनांनी कळलं नव्हतं. पुस्तक मांडीवर पालथं ठेवून बाहेर बघितलं तेव्हा कळलं.

आणखी एक. विदिशा म्हणजे जुनं भेलसा. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ते पत्र इथे मिळालं, जानेवारी 1761 मध्ये: दोन मोत्ये गळाली (भाऊ आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव), सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये खुर्दा किती गेला गणती नाही. जाताना गाडी या गावातून जाते तेव्हा तुम्ही कादंबरीच्या निम्म्यातही नसता. भाऊ जिवंत, विश्वासराव जिवंत. म्हणून माझा नियम असा की उत्तरार्ध परतीच्या गाडीसाठी राखून ठेवायचा. पत्र येतं तेव्हा तुम्हीही भेलशात.

ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासकट लिहा.

पोथीनिष्ठ

नाही पटत. कारण देतो.

खिडकीतून खरा ग्वाल्हेरचा किल्ला दिसला की हातातल्या पानावरचा संवादही खराच वाटायला लागतो. धोका इथेच आहे. घरी वाचताना माणूस निदान अधूनमधून थबकतो, हे लेखकाला कोणी सांगितलं असं मनात येतं. गाडीत ती सोय नाही, कारण पुरावा म्हणून साक्षात भूगोल बाहेरून पळतोय. भूगोल खरा असतो हो, पण तंबूत भाऊ आणि पार्वतीबाई काय बोलले याची साक्ष चंबळ कशी देणार?

एक नमुना. दत्ताजी शिंदे 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर पडले, हे पक्कं. 'बचेंगे तो और भी लढेंगे' हे वाक्य मात्र बखरीच्या वाटेने आपल्यापर्यंत आलेलं. दोन्हींचं वजन एक नाही. कादंबरीत मात्र दोन्ही एकाच तागडीत पडतात, आणि वाचक दिल्लीला उतरतो तो दोन्ही सारखंच पाठ करून.

एवढा वेळ हाताशी आहे तर शेजवलकरांचं 'पानिपत : 1761' घ्या. मराठीत 1961 पासून आहे. नाहीतर काशीराज पंडिताचा वृत्तांत वाचा. हा माणूस शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे लढाईच्या दिवशी पलीकडच्या गोटात. त्याने पुढे फारसीत लिहून ठेवलंय. शत्रूच्या छावणीतून आपले लोक कसे दिसत होते, यापेक्षा थरारक काय हवंय तुम्हाला?

कल्याणफास्ट

दोघेही एक गोष्ट गृहीत धरताय, की ही कादंबरी सलग वाचायची असते. का?

हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं 1890 साली. साप्ताहिक. 'उषःकाल' त्यात हप्त्याहप्त्याने आली. तिकडे पॅरिसमध्ये ड्यूमाचे मस्केटिअर्स 1844 मध्ये वर्तमानपत्रातून थोडे थोडे येत होते. म्हणजे या जातीचं लेखन जन्मलंच मुळी तुकड्यांत. प्रकरण संपताना दारावर थाप पडते ती उगाच नाही, वाचकाने पुढचा अंक घ्यावा म्हणून पडते. अशी पंचवीस प्रकरणं तुम्ही एका बैठकीत उरकलीत तर थाप ऐकून काही वाटेनासं होतं, तुम्ही सरळ पान उलटता.

म्हणून लोकल. कल्याणहून सीएसएमटीला जाताना एक प्रकरण, येताना एक. थाप पडली की भायखळा आलेलं असतं, आणि पुढे काय झालं याचा विचार ऑफिसात दिवसभर.

आणि भूगोलच पाहिजे असेल तर आमच्या मार्गावर कमी आहे का? दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून पळाले. बाहेर एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता मराठीत गाणी म्हणायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना वाटायचं, गातोय बिचारा. निरोप गाण्यातून आत जात होता. इनामदारांची 'झेप' या त्रिंबकजींवरच आहे. तो किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं कारागृह. देशातली पहिली प्रवासी गाडी 1853 मध्ये ठाण्याला आली तेव्हा या पलायनाला 37 वर्षं झाली होती. चार आकडी किलोमीटर तोडायची गरजच काय?

रत्नांग्रीकर

खिडकीचा सिद्धांत कोकण रेल्वेवर लागू करून दाखवा. आरमाराची कादंबरी घेऊन बसा. ना समुद्र दिसत, ना सिंधुदुर्ग, ना विजयदुर्ग. गाडी आतल्या अंगाने जाते. दिसतो तो बोगदा. एकटा करबुडेच साडेसहा किलोमीटर. डब्यातला दिवा बंद असेल तर गलबत शत्रूच्या तावडीत सापडलेलं असताना तुम्ही काळोखात बसा.

वरचा_बर्थ

माझा मुद्दा वेगळा आहे. खिडकीशी नातं जोडायचा अट्टहासच चुकीचा.

लांबच्या गाडीत माणूस वाचतो ते गाडी विसरायला. खाली तिघांची राजकारणावर जुंपलेली, बाजूला कोणाचं तरी मोबाईलवर रील्स विनाहेडफोन, दर दहा मिनिटांनी चायवाला, एसीतली काच तर अशी की बाहेर ग्वाल्हेर आहे की गोंदिया कळू नये. अशा वेळी वरच्या बर्थवर पाठ टेकून, उशाला बॅग घेऊन, पायाशी चादर ओढून घेतली की वेढा कसा फुटतो एवढंच जग उरतं. मी साउथला जाताना उत्तरेकडच्या मोहिमा वाचल्यात, आणि तसूभर कमी मजा आली नाही.

आणि खिडकीबहाद्दर, तुमच्याच वेळापत्रकाने बघा. संध्याकाळी पुण्याहून सुटलेली गाडी बुऱ्हाणपूरला येते तेव्हा सगळा डबा घोरत असतो. उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून पदरात पडलेलं बुऱ्हाणपूर, असीरगड, हे सगळं तुम्ही झोपेत पार करता. भाऊसाहेबांच्या वाटेचा पहिला टप्पा तुमच्या सिद्धांतातून गळालाच की!

संत्रानगरी

मी नागपूरहून अंबाल्याला जात होते तेव्हाचं सांगते. हीच कादंबरी हातात. समोर कर्नालचं कुटुंब, आजोबा-आजी आणि सून. सून सारखी पराठे पुढे करत होती, आजोबा मुखपृष्ठावरच्या तलवारी निरखत होते. भाषा येत नसली तरी देवनागरी वाचता येतच होती त्यांना. म्हणाले, "ये तो हमारे यहाँ की लड़ाई है." मी हो म्हटलं. आजीने विचारलं, "हार गए थे ना आपके?" त्यावर आजोबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "आपके नहीं. हमारे."

मग कळलं, रोड समाजातले. लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात. इतिहासकारांत यावर एकमत नाही, आणि पोथीनिष्ठ लगेच येऊन ते सांगतीलच. सांगा. पण मला पुढचं पान उलटवेना. तोवर मी इब्राहिमखानाच्या तोफा, हुजुरातीची (पेशव्यांच्या खास घोडदळाची) धाव, हे सगळं मॅच बघावी तसं वाचत होते. त्या लष्कराबरोबर तीर्थयात्रेला म्हणून निघालेल्या बायका होत्या, म्हातारी माणसं होती, पोरं होती. दोन-अडीच महिने रसद तुटलेली, आणि 14 जानेवारीला उपाशीपोटी बाहेर पडलेले लोक. साहस हे घोड्यावरच्या माणसाच्या वाट्याला येतं. पायी चालणारीच्या वाट्याला काय आलं त्याला काय म्हणायचं? आजोबांच्या समोर बसून मला त्यात रमता येईना.

तेव्हा खिडकीबहाद्दर, त्याच दिशेच्या गाडीत वाचा हे तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे. त्या दिशेला माणसंही राहतात आणि ती समोरच्या बाकावर येऊन बसतात. मग मजा म्हणून वाचणं अवघड होतं. मी ते पुस्तक पुढे घरीच संपवलं, दार लावून.

खिडकीबहाद्दर

ताई, तुमचा प्रसंग माझ्या बाजूचा आहे असं मला वाटतं. घरी वाचत असता तर ते आजोबा भेटले असते का? मी मजेसाठी वाचा असं कुठेच लिहिलं नाही. नीट कळावं म्हणून गाडीत वाचा म्हणतोय. कळल्यावर त्रास होत असेल तर तो पुस्तकाने करायलाच हवा होता, आजोबांनी त्याचं काम केलं.

वरचा_बर्थ, बुऱ्हाणपूर रात्री जातं हे कबूल, म्हणून तर परतीचा प्रवास आहे. शिवाय स्लीपरने जा, काचेची तक्रार मिटेल.

कल्याणफास्ट यांचा हप्त्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण हरिभाऊंचा वाचक दोन हप्त्यांच्या मध्ये आठवडाभर घरी होता, तो काही दादरला गर्दीत दाबला जात नव्हता. लोकलमध्ये पुस्तक उघडायला कोपर हलवायला जागा लागते, ती कुठल्या गाडीला मिळते तेवढं सांगा.

पोथीनिष्ठ, तुम्हाला एक प्रश्न. महाराज आग्र्याहून 17 ऑगस्ट 1666 ला निसटले. राजगडावर कधी पोचले? कोणी सप्टेंबर म्हणतो, कोणी नोव्हेंबर. कुठल्या वाटेने आले याचाही छडा नाही. मधल्या त्या आठवड्यांचं काय करायचं? कागद नाही म्हणून पान कोरं ठेवायचं? कादंबरीकाराला जागा असेल तर तिथेच आहे, आणि माझी गाडी आग्र्याहून परत येते तेव्हा मला ती जागा भरलेली हवी असते.

पोथीनिष्ठ

पान कोरं ठेवा असं मी म्हणत नाही. 'इथून पुढे माझं' एवढी एक ओळ लेखकाने लिहावी. ती कोणी लिहीत नाही. पाच कादंबरीकार पाच वाटा दाखवतात आणि वाचक जी आधी वाचली तिच्यावरून पुढच्या चारांशी भांडतो. या घटनेबद्दल आपल्याकडचे निम्मे वाद असेच आहेत, दोन्ही बाजूंना अस्सल कागद कोणाकडेच नाही.

संत्रानगरी, मी काही सांगायला येणार नव्हतो. वंशावळीचा प्रश्न वेगळा, आजोबांना काय वाटतं तो वेगळा. पण तुम्ही जे लिहिलंत, बायका, म्हातारे, पोरं, उपासमार, ते कादंबरीशिवाय नुसत्या साधनांतूनही कळतं. कादंबरीने त्यात नवीन काय दिलं हे मला अजून समजलेलं नाही.

संत्रानगरी

नवीन काही दिलं नसेल. पण साधनांचा ग्रंथ हातात असता तर आजोबांनी मुखपृष्ठ बघून विचारलं असतं का?

वरचा_बर्थ

पोथीनिष्ठ, खरं सांगा, तुम्ही गाडीत काय वाचता?

पोथीनिष्ठ

काही नाही. वाचायला मला टेबल लागतं, नकाशा लागतो आणि शेजारी दुसरं पुस्तक लागतं, पहिलं तपासायला. गाडीत मी झोपतो.

कल्याणफास्ट

कोपराचा प्रश्न विचारलात त्याचं उत्तर: दुपारची स्लो, कल्याणहूनच सुटणारी, खिडकीची सीट. सकाळी सातच्या फास्टमध्ये हरिभाऊ स्वतः आले तरी उभेच राहतील.

रत्नांग्रीकर

पुढच्या आठवड्यात दिल्लीला जायचंय, पहिल्यांदाच त्या मार्गाने. वाद बाजूला ठेवून कोणी सांगेल का, ग्वाल्हेरचा किल्ला कुठल्या बाजूला दिसतो? सीट त्याप्रमाणे बघतो.

खिडकीबहाद्दर

दिल्लीकडे जाताना डाव्या हाताला. त्याआधी झाशी सुटल्यावर दतियाचा वीरसिंहदेवाचा महाल आणि सोनागीरची जैन मंदिरं दिसतात, तीही चुकवू नका. 1602 मध्ये अबुल फजलला मारलं तो हाच वीरसिंहदेव. त्याच्यावर मराठीत दणदणीत कादंबरी असेल तर नाव कळवा, माझ्या वाचण्यात आलेली नाही.