पार्लरची पाटी: ग्रीक देवीचं नाव ठेवू का?

केशरी_कोपरखैरणे
नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात माझं छोटं पार्लर आहे, घराच्याच खालच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि पावसाळ्यात ओल धरणारी एक भिंत. ९ वर्षं बाहेर नुसतं 'लेडीज पार्लर' लिहिलेलं होतं. परवाच्या वाऱ्यात ती पाटी पडली. नवीन करायचीच आहे तर नाव ठेवू म्हटलं. लेकीने सुचवलं 'ॲफ्रोडाइटी', ग्रीकांची प्रेमाची नि सौंदर्याची देवी. मला आवडलं. पण पाटीवाला अक्षरामागे पैसे घेतो, वर म्हणतो, "ताई, हे वाचणार कोण?" सासूबाईंचं वेगळंच: "देवी ना, मग कोणाची लेक? कथा काय तिची?" मला काही सांगता येईना. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय.

जुनेपुराणे
कथा दोन आहेत. सासूबाईंना दुसरी सांगा.

पहिली ग्रीक कवी हेसिअडची, इ.स.पू. ७००च्या सुमारची. क्रोनोस नावाच्या देवाने आपल्या बापाचं, उरानोसचं, लिंग विळ्याने कापून समुद्रात भिरकावलं. त्याभोवती फेस जमला आणि त्या फेसात ही वाढली. आधी किथिरा बेटाजवळून गेली, मग सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. 'आफ्रोस' म्हणजे फेस. चहाच्या वेळी सांगू नका.

दुसरी होमरची, म्हणजे इलियड आणि ओडिसी ही महाकाव्यं ज्याच्या नावावर आहेत त्या कवीची. ती सरळ आहे: देवांचा राजा झ्यूस आणि डायोनीची मुलगी. इलियडच्या ५व्या सर्गात डायोमिडीज हा ग्रीक योद्धा तिच्या हाताला मनगटापाशी भाला मारतो. तो साधा माणूस आणि ही देवी, तरी रडत जाऊन आईच्या मांडीवर पडते. मला ती तिथेच सगळ्यात जास्त आवडते.

आणि हो, सायप्रसमधल्या पॅफोसच्या तिच्या मुख्य देवळात माणसाच्या रूपातली मूर्ती पूजत नसत, शंकूच्या आकाराची शिळा पूजत. थोडक्यात तांदळा. सासूबाईंना हे पटेल.

ट्रान्सहार्बरवाला
ताई, हे नाव नको हो. लोकलच्या डब्यात 'जोश वाढवा'वाली पत्रकं चिकटवलेली असतात ना, तसल्या औषधांना इंग्रजीत जो शब्द आहे तो ह्याच बाईंच्या नावावरून आलाय. गिऱ्हाईक मोबाइलवर पार्लर शोधायला जाईल आणि भलतंच बघत बसेल. तिच्या पोराचं, इरॉसचंही ठेवू नका. लोकांना चर्चगेटचं थिएटर वाटेल.

केशरी_कोपरखैरणे
अगं बाई! आमचे हे कालपासून गालातल्या गालात का हसतायत ते आत्ता कळलं.

ओवी_नौपाडा
देवीला सोडा ताई, तिची वेणीफणी कोण करायचं ते बघा.

ओडिसीच्या ८व्या सर्गात तिचा नवरा हेफेस्टस, हा देवांचा लोहार, तिला आणि तिच्या प्रियकराला, युद्धदेव ॲरिसला, पलंगावरच जाळ्यात पकडतो. जाळं कोळिष्टकाइतकं बारीक, देवांनाही दिसू नये असं. मग बाकीचे देव दारात जमून खो खो हसतात. (देवी आल्या नाहीत, लाजून घरीच थांबल्या.) जाळं सुटल्यावर ॲरिस एकीकडे पळतो आणि ही तडक पॅफोसला जाते. तिथे कॅरिटीज, म्हणजे तिच्या दिमतीच्या लावण्यदेवी, तिला न्हाऊ घालतात, अंगाला तेल लावतात, सुंदर कपडे नेसवतात. चारचौघांत एवढी शोभा झाल्यावर बाई पहिली गेली कुठे, तर तुमच्यासारखीकडे!

मघाशी भाल्याचं आलं ना, तो भाला जे वस्त्र फाडून आत गेला तेही कॅरिटीजनीच केलेलं. हेसिअड तिघींची नावं देतो: अग्लाया, युफ्रोसिनी, थालिया. झळाळी, आनंद, बहर असे साधारण अर्थ. पँडोराला, म्हणजे ग्रीक कथेतल्या पहिल्या बाईला, नटवलं तेव्हा गळ्यात सोन्याचे हार घालायला ह्याच होत्या, आणि सोबत पेथो. पेथो म्हणजे मन वळवण्याची देवी. आयब्रो करायला आलेलीला "फेशियलही करूनच घ्या ना" म्हणते ती.

जुनेपुराणे
उत्तम. फक्त हेसिअडच्या मते अग्लाया ही हेफेस्टसची बायको, हे सांगून ठेवतो.

केशरी_कोपरखैरणे
त्या जाळंवाल्याची? मग ॲफ्रोडाइटी कोण?

जुनेपुराणे
तीही बायकोच, पण ओडिसीत. इलियडमध्ये त्याच्या बायकोचं नाव कॅरिस. एका कवीचं दुसऱ्याशी जुळत नाही, आणि होमरचं तर होमरशीही नाही. आपल्या पुराणांत तरी कुठे जुळतं?

केशरी_कोपरखैरणे
सासूबाईंना तिघींनी न्हाऊ घातल्याची गोष्ट सांगितली (जाळं गाळून). त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या साती आसरा." तसं नसावं, पण मी कशाला वाद घालू! मला 'थालिया' आवडलं होतं. पाटीवाला म्हणाला, "ताई, खानावळ समजून लोक जेवायला येतील." म्हणून 'अग्लाया' नक्की केलं. अक्षरं तीनच आहेत, पण 'ग्ला' जोडाक्षर म्हणून त्याने साडेतीनाचे पैसे लावलेत.