अमेरिकेत कामावरची युनियन काढायची असेल तर कायदेशीर रस्ता काय?

ओहायोवाला: एका वेअरहाऊसमध्ये कामाला आहे, प्रायव्हेट कंपनी. वर्गणी दर पगारातून कापली जाते पण तक्रार दिली की युनियनवाले महिनोन् महिने फिरकत नाहीत, शिफ्टवरचे बरेच जण म्हणतायत नकोच ही युनियन. परवा मॅनेजर म्हणाला अर्ज मी टाईप करून देतो, तुम्ही फक्त सह्या गोळा करा. हे चालतं का? युनियनचा कंपनीशी करार ३ वर्षांचा आहे, पुढच्या ३१ ऑगस्टला संपतोय.

शॉपफ्लोअर: मॅनेजरला आधी नाही सांगा. कंपनीने अर्ज लिहून दिला, सह्यांसाठी मागे लागली किंवा कामाच्या वेळात फिरायची खास सूट दिली तर सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते, हे काम कामगारांनी स्वतःच करायचं असतं. अशी युनियन काढण्याला डीसर्टिफिकेशन म्हणतात, १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने हा हक्क आला. कागदावर वरतीच स्पष्ट लिहा की ही युनियन आम्हाला प्रतिनिधी म्हणून नको, खाली प्रत्येकाची सही आणि सहीपुढे तारीख. सह्या ब्रेकमध्ये घ्या, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही. युनिटमधल्या (युनियन ज्यांच्या वतीने करार करते ते सगळे कामगार) किमान ३०% लोकांच्या लागतात, पण मी म्हणेन निम्म्याच्या बऱ्याच वर गेल्याशिवाय अर्ज टाकूच नका, कारण सही करणारा प्रत्येक जण मतदानाला येतोच असं नाही. अर्ज नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे (केंद्र सरकारची कामगार संस्था) जातो, सह्या कंपनीला किंवा युनियनला दाखवत नाहीत.

आणि वेळ सांभाळा! करार चालू असताना अर्ज फक्त मुदत संपायच्या आधीच्या ९० ते ६० दिवसांत घेतात, म्हणजे तुमच्यासाठी साधारण जून महिना. शेवटचे ६० दिवस दार बंद, त्यात नवा करार झाला तर पुन्हा ३ वर्षांपर्यंत थांबा.

ओहायोवाला: धन्यवाद, मॅनेजरला उद्याच सांगतो. मतदानात बरोबरी झाली तर?

शॉपफ्लोअर: युनियन जाते. टिकायला तिला पडलेल्या मतांतली निम्म्याहून जास्त लागतात. मतदान गुप्त असतं, बोर्डच घेतं. पण तुम्ही हरलात तर पुढचे १२ महिने त्या युनिटमध्ये परत निवडणूक नाही. आणि मधेच युनियनने कंपनीविरुद्ध अनफेअर लेबर प्रॅक्टिसची (कामगार कायदा मोडल्याची) तक्रार टाकली तर मतदान लांबूही शकतं, तेवढा धीर ठेवा.

माजी_स्टुअर्ड: मी दुसऱ्या, म्हणजे युनियनच्या बाजूचा आहे तरी मनापासून सांगतो. युनियन गेली की करारही गेला समजा, मग सिनिऑरिटी, ओव्हरटाईमची पाळी, कामावरून काढायला ठोस कारण लागणं, हे सगळं कंपनीच्या मर्जीवर. सह्या मागताना लोकांना हे खरं खरं सांगा, काही जण फक्त वर्गणीवर चिडलेले असतात. त्यांच्यासाठी डीऑथोरायझेशन नावाचा वेगळा अर्ज आहे, त्यात युनियन राहते पण वर्गणीची सक्ती जाते (ओहायोत राइट-टू-वर्क, म्हणजे वर्गणीची सक्ती करायला बंदी घालणारा कायदा नाही म्हणून ही सक्ती करारात चालते). त्यालाही ३०% सह्या, जूनची वाट बघायला नको, पण मतं युनिटमधल्या सगळ्या पात्र लोकांच्या निम्म्याहून जास्त लागतात, घरी बसलेला माणूस तुमच्या विरोधातच धरला जातो. तिसरं म्हणजे लोकलच्या (युनियनच्या स्थानिक शाखेच्या) पदाधिकाऱ्यांची निवडणूक किमान दर ३ वर्षांनी घ्यावीच लागते, तक्रारी दाबून ठेवणाऱ्यांना तिथे पाडता येतं. तुमच्या लोकलची तारीख कधी आहे ते आधी विचारून घ्या.