तंबू पुळणीवर नको, आणि तिथी बघून निघा

डिसेंबरात तीन दिवस, दोघंच, वाटाड्या न घेता तंबू आणि गळ घेऊन जयगड ते गुहागर किनाऱ्याने चालत जायचं, हा तुमचा बेत मला फार आवडला. कुणीतरी तुम्हाला थेट वाळूत तंबू लावा म्हटलंय, ते मात्र ऐकू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं ते सुकलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या रेषेवरून कळतं. तंबू त्याच्या बराच वर, तोही गावात विचारूनच. शिवाय हिवाळ्यात गुहागरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. रात्री तिथे शेकोटी किंवा टॉर्च नकोच.

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरा, तिथून हेदवी, वेळणेश्वर करत चाला. हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे कातळातल्या अरुंद कपारीत, पाणी उसळताना बघायचं तर भरतीलाच जावं लागतं, पण कपारीच्या काठापासून लांब उभे राहा. ओला कातळ फार निसरडा असतो.

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, खाडीचं तोंड उत्तम. आमिष म्हणून ताजी कोळंबी सकाळी जेटीवर मिळते. पाणी चढायला लागलं की मासा खायला आत येतो, म्हणून भरतीचे पहिले दोन तास सोडू नका. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यावर दिवस आखा. नवख्यांनी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत जावं, पाण्याची ओढ कमी असते. खडकावर एकानेच गळ टाकायचा आणि दुसऱ्याने समुद्राकडे पाहत राहायचं, एवढं दोघांनी आधीच ठरवा.