लेकीसोबत दिवाळीत आगगाडीने परदेश : आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०२ : सर्वांना नमस्कार. येत्या दिवाळीच्या सुटीत मी आणि माझी नववीतली मुलगी, अशा आम्ही दोघीच सहा-सात दिवसांसाठी परदेशात जाऊन यावे असे ठरवीत आहोत. तिच्या बाबांना रजा मिळणार नाही. तिचे एकच मागणे आहे, की तिकडचे फिरणे आगगाडीने व्हावे. आणि विमानासकट दोघींचा खर्च सव्वा लाखाच्या आत बसावा, एवढेच माझे म्हणणे आहे. मागे एका टूर कंपनीबरोबर आम्ही आठ दिवसांत तीन देश केले होते. रोज पहाटे बॅगा भरायच्या, बसमध्ये बसायचे आणि सांगितलेल्या जागी फोटो काढून परत चढायचे, असे ते आठ दिवस गेले. पोरीला त्यातले आज काहीही आठवत नाही, याचे मला फार वाईट वाटते. या वेळी सगळे आपले आपण ठरवायचे आहे. कृपया अनुभव सांगावेत.

सी-१०४ : ताई, मुलगी अठराच्या आतली आहे, तर युरोपचा रेल्वे पास का पाहत नाही? तरुणांना त्यात सवलत असते.

ए-२०४ : दादा, सवलत असते हे खरे, पण बारा ते सत्तावीस वर्षे वयाच्यांना ती थोडीच मिळते; मोठ्यांबरोबर फुकट पास अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना असतो. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि बाराव्या वर्षापासून ते पूर्ण भरावे लागते. त्याखेरीज किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो आणि बऱ्याच वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. सव्वा लाखात दोघींचे ते जमणार नाही.

डी-१०१ : जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरला जाणारी गाडी २०२२ पासून पुन्हा सुरू झाली आहे. रुळावरून परदेशात जाण्याचा याहून स्वस्त मार्ग नसावा.

बी-३०२ : काका, सुचवल्याबद्दल आभार. परंतु सांगलीहून बिहारच्या त्या टोकाला जयनगरला पोचायचे आणि तेथून परत यायचे म्हटल्यावर निम्मी सुटी वाटेतच जाईल.

ए-२०४ : मी दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन मलेशियाला गेले होते, तेव्हा तो दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. तुमच्या अटींत तो देश नेमका बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भारतीयांना तेथे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत तीस दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो आणि तो विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे फसवी असतात, तेव्हा तेथील इमिग्रेशन खात्याच्याच संकेतस्थळावर भरावा. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवावे.

क्वालालंपूरहून उत्तरेला बटरवर्थपर्यंत विजेवरची ईटीएस गाडी जाते. सुमारे चार तासांचा प्रवास आहे आणि तिकीट माणशी साधारण दीड-दोन हजार रुपये पडते. बारा वर्षांवरील मुलाला विमानात आणि या गाडीतही मोठ्यांचेच तिकीट लागते, हे हिशेबात धरावे. वाटेत इपोह येते, तेथे एक रात्र उतरावे. स्टेशनची पांढरी घुमटाची इमारत इंग्रजांच्या काळातली आहे आणि गावाबाहेर चुनखडीच्या डोंगरांतल्या गुहांमध्ये देवळे आहेत. बटरवर्थला स्टेशनातून चालतच फेरीबोटीच्या धक्क्यावर जाता येते. बोटीचे भाडे नाममात्र आहे. गाडीतून उतरून पंधरा-वीस मिनिटांत आपण समुद्र ओलांडून पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनला पोचतो. माझा मुलगा घरी तासन् तास मोबाइलमध्ये डोके घालून बसतो, परंतु त्या बोटीवर तो कठड्याला धरून उभा होता आणि किनारा येईपर्यंत त्याने खिशात हात घातला नाही. मी हे कोणालाही सांगते तेव्हा मला अजूनही भरून येते.

ए-४०१ : मी मिरज जंक्शनवर नोकरी केली, म्हणून थोडी भर घालतो. मलेशियाचा हा लोहमार्ग मीटरगेज आहे, म्हणजे दोन रुळांमधले अंतर एक मीटर. आपला पुणे-मिरज मार्गही ब्रॉडगेज होण्यापूर्वी मीटरगेजच होता आणि मिरजेत तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एकाच आवारात होते. तेव्हाच्या मीटरगेज गाडीची चाल आम्ही पाहिली आहे. त्याच एक मीटर रुंदीच्या रुळांवरून मलेशियात ताशी १४० किलोमीटर वेगाने गाडी धावते, कारण मार्ग दुहेरी करताना त्यांनी वळणे सरळ केली, फाटके काढून पूल बांधले आणि वर विजेची तार आणली. मुलीला रेल्वेची आवड असेल तर तिला हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे खिडकीतून काय पाहायचे ते तिला कळेल. पेनांगच्या टेकडीवर १९२३ पासून चालणारी दोराने ओढली जाणारी गाडी आहे, तीही चुकवू नये.

बी-३०२ : काका, तुमचा निरोप मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. आता तिने नकाशा काढला आहे आणि ती विचारते, की ईटीएसच्या काही गाड्या सीमेवरच्या पाडांग बेसारपर्यंत जातात आणि तेथून थायलंडची गाडी मिळते, तर रुळावरून सीमा ओलांडता येईल का?

ए-२०४ : येईल. पाडांग बेसारच्या स्टेशनातच दोन्ही देशांचे पासपोर्टचे शिक्के मारतात आणि तेथून थायलंडमधल्या हाट याईला गाडी आहे. तरीही माझे मत विचाराल तर या खेपेस तो मोह टाळावा. थायलंडचा आगमन अर्ज वेगळा, चलन वेगळे, आणि सहा दिवसांतले दीड-दोन दिवस त्यापायी जातील. तुमची मूळ तक्रारच धावपळीची होती. एकच देश, एकच मार्ग, तीन मुक्काम: क्वालालंपूर दोन रात्री, इपोह एक, पेनांग दोन, आणि परतताना एक रात्र पुन्हा क्वालालंपूर. तेथे ब्रिकफील्ड्स भागात उतरावे. मोठे स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे, आणि केळीच्या पानावरचे शाकाहारी जेवण दारात मिळते. विमानतळावरून वेगवान गाडी आहे, पण बस बरीच स्वस्त पडते.

एक मात्र आत्ताच करावे. दीपावलीला मलेशियातही सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवसांत गाड्या भरतात. वेटिंगवर चढण्याची सोय तेथे नाही, जागा संपली म्हणजे संपली. आरक्षण खुले होताच तिकिटे काढावीत, नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहावे, आणि हे काम मुलीकडे द्यावे. माझ्या मुलाने परतीची तारीख एक दिवस चुकवली होती. ती त्यानेच शोधली, त्यानेच दुरुस्त केली, आणि त्यानंतर संपूर्ण प्रवासात फलाट आणि वेळ तोच पाहत होता. डबा फार गार असतो, शाल हाताशी ठेवावी.

सी-१०४ : ताई, मुलीच्या पासपोर्टची मुदत पाहिली का? लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. आमचे एकदा विमानतळावरून परत येणे झाले आहे.

बी-३०२ : दादा, तुम्ही विचारले म्हणून कपाट उघडून पाहिले. मुदत जानेवारीत संपते आहे, म्हणजे दिवाळीत तीन महिनेसुद्धा उरत नाहीत. तुम्ही आठवण केली नसती तर मी तिकिटे काढून बसले असते. मनापासून आभार.

सी-१०४ : अजून वेळ आहे, घाबरू नका. पंधरा पूर्ण झाली असतील तर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, नाहीतर अठरापर्यंतचाच मिळतो. अर्जासोबतच्या घोषणापत्रावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. तुम्ही दोघीच जाणार आहात, तर तिच्या बाबांचे संमतीपत्र नोटरी करून घ्यावे. कोणी मागितले नाही तरी जवळ असावे. आणि विमानाचे तिकीट नवा पासपोर्ट हातात आल्यावरच काढावे, कारण त्याचा क्रमांक बदलतो.

बी-३०२ : तिला जुलैत पंधरा पूर्ण होतात. तिचे बाबा शनिवारी चाकणहून येतात, तेव्हा घोषणापत्र आणि संमतीपत्र या दोन्हींवर सही घेते आणि वाढदिवस झाल्याबरोबर अर्ज भरते. गाडीचे आरक्षण ती स्वतः करणार आहे. तिने आजच वहीत मुक्काम, फलाट आणि वेळा असे तीन रकाने आखले आहेत. ए-४०१ च्या काकांना विनंती, की रविवारी सकाळी सवड असेल तर ती वही घेऊन तिला तुमच्याकडे पाठवते. गेजविषयी तिचे बरेच प्रश्न आहेत.

ए-४०१ : अवश्य पाठवा. दहाच्या सुमारास घरीच आहे.